रंगाआधी भिंत वाचा : वासंतिक डागडुजीविषयी वाचकांचे प्रश्न

थंडी सरून हवा उबदार आणि कोरडी झाली की घराला हात लावायचे दिवस येतात. भिंती लवकर सुकतात, खिडक्या दिवसभर उघड्या ठेवता येतात, रंगाचा वास घरात कोंडत नाही. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्न फिरून फिरून एकाच तक्रारीवर येतात : रंग चांगला होता, मग टिकला का नाही? म्हणून पहिले उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : बैठकीच्या खोलीला दोन वर्षांपूर्वी चांगल्या प्रतीचा प्लॅस्टिक रंग दिला होता. एका भिंतीवर फुगे येऊन आता पोपडे निघतात. दुसऱ्या भिंतीवर खालच्या बाजूला पांढरी भुकटी येते. रंगारी म्हणतात, खरवडून वरून पुट्टी मारू आणि पुन्हा रंग देऊ. द्यावा का?

इतक्यात देऊ नका. दोन भिंतींची दुखणी बहुधा वेगवेगळी आहेत आणि दोन्हींवर एकच औषध चालणार नाही.

फुगलेल्या भिंतीवरचा एक पोपडा अलगद काढा. नखाएवढा असला तरी चालेल. तो उलटा करून खिडकीपाशी उजेडात धरा. बहुतेक वेळा पोपड्याची पाठच कारण सांगते. पाठीला खडूसारखी भुकटी असेल आणि बोट फिरवल्यावर ती बोटाला लागत असेल, तर खाली जुना चुना किंवा डिस्टेंपर तसाच राहिला आहे. नवा रंग त्या भुकटीला चिकटला, भिंतीला नाही. पाठ स्वच्छ, गुळगुळीत आणि खालचा थर चकचकीत असेल, तर जुन्या ऑइल पेंटवर घासकाम न करता पाण्याचा रंग मारलेला आहे. पोपड्याबरोबर पुट्टीचा जाड थर निघाला आणि तो बोटांत चुरला, तर पुट्टी कच्ची राहिली : पाणी जास्त पडले, थर एकदम जाड दिला, किंवा कोरड्या भिंतीने त्यातले पाणी आधीच शोषून घेतले. आणि पाठीला पांढरे, मिठासारखे कण असतील, जिभेला न लावताही ओळखू येतील असे, तर ती ओल आहे. तुमच्या दुसऱ्या भिंतीची भुकटी हीच. याला लोणा लागणे म्हणतात. भिंतीतले पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून बाहेर आणते, पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. ते रंगाच्या पाठीमागे स्फटिक होऊन वाढले की रंगाला ढकलून बाहेर काढतात.

पहिल्या तीन कारणांवर इलाज सोपा आहे, फक्त कष्टाचा. भुकटी असेल तर ओल्या स्पंजने आणि पत्तीने चुना पूर्ण खरवडून काढा. भिंत धुऊन सुकली की तळहात फिरवा. हात पांढरा झाला तर काम अपुरे आहे. त्यावर आत मुरणारा प्रायमर द्या. थर चकचकीत असेल तर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, पुसा आणि चिकटणारा म्हणजे बाँडिंग प्रायमर लावा. पुट्टी चुरत असेल तर ती पूर्ण खरवडून काढा; नवी कशी लावायची ते पुढे सांगितले आहे.

ओलीचे काम मात्र घाईने होत नाही. आधी पाणी येते कुठून ते शोधा. साधारण एक फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि २४ ते ४८ तास तसाच ठेवा. तुकड्याच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर ती घरातल्याच दमट हवेची वाफ गार भिंतीवर बसते आहे. तिथे भिंत नव्हे, हवा खेळती करायला हवी.

पाणी भिंतीतून येत असेल तर डागाचा आकार बघा. जमिनीपासून वर चढलेली, साधारण तीन फुटांच्या आत थांबलेली आडवी रेघ म्हणजे पायातून चढणारी ओल. पाऊस पडल्यावरच गडद होणारा डाग म्हणजे बाहेरच्या भिंतीची भेग, छताची कड किंवा खिडकीची चौकट. बारा महिने सारखाच राहणारा डाग पलीकडच्या न्हाणीघराकडे बोट दाखवतो. तिथली पाण्याची जोडणी गळते की सांडपाण्याची, हे तपासायला सगळे नळ बंद करून दोन तास पाण्याच्या मीटरवर लक्ष ठेवा. काटा हलला तर दाबाची पाइप गळते आहे. हलला नाही तर चार दिवस ते न्हाणीघर वापरू नका. डाग फिका पडू लागला तर दोष सांडपाण्याच्या नळीत किंवा फरशीच्या सांध्यांत आहे.

ओल असलेल्या भिंतीला आतून ‘वॉटरप्रूफ’ रंग लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. पाण्याची वाट बंद झाली म्हणून पाणी थांबत नाही. ते आणखी वर चढते, किंवा शेजारच्या भिंतीतून निघते. बंदोबस्त पाणी ज्या बाजूने शिरते तिकडूनच करायचा.

स्रोत बंद झाल्यावर लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुऊ नका. क्षार विरघळून पुन्हा आत जातात. आठवड्याने पुन्हा झाडा, पुन्हा आला तर पुन्हा. गिलावा भुसभुशीत झाला असेल तर ओलीच्या रेघेच्या वर एक ते दीड फुटापर्यंत तो तोडून काढावा लागतो, कारण क्षार दिसतात त्याहून वरपर्यंत गेलेले असतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला रंगाआधी २८ दिवस द्या. ताजे सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. त्यावर ऑइल पेंट दिला तर रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि रंग चिकट राहून सुटतो.

मग पुट्टी. ओलीचा इतिहास असलेल्या भिंतीवर प्लास्टर ऑफ पॅरिस वापरू नका, दमटपणात ते भुसभुशीत होते. व्हाइट सिमेंटची पुट्टी घ्या. एक किलोला साधारण ३६० ते ४०० मिलिलिटर पाणी, नीट घोटून दहा मिनिटे ठेवायची, पुन्हा घोटायची आणि दोन-तीन तासांत संपवायची. लावण्यापूर्वी भिंत हलकीशी ओलावून घ्या. थर दीड मिलिमीटरपेक्षा जाड नको. जाड थर वरून आधी सुकतो, आतला ओला राहतो आणि केसासारख्या भेगा पडतात. खड्डा मोठा असेल तर तो आधी वेगळा भरून सुकू द्या.

प्रश्न : रंगारी सांगतो त्यापेक्षा रंग नेहमी कमी पडतो किंवा दोन डबे उरतात. आपला हिशेब आपण कसा करावा?

खोली १० फूट रुंद, १२ फूट लांब, १० फूट उंच धरू. चारी भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, गुणिले उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. एक दार ३ बाय ७, म्हणजे २१. एक खिडकी ४ बाय ४, म्हणजे १६. वजा केल्यावर उरले ४०३ चौरस फूट. रंगाचे दोन हात म्हणजे ८०६.

गुळगुळीत, प्रायमर लावलेल्या भिंतीवर चांगले इमल्शन, म्हणजे पाण्याचा प्लॅस्टिक रंग, एका लिटरला एका हातासाठी साधारण १०० ते १२० चौरस फूट पुरते. मधला आकडा ११० धरला तर सव्वासात लिटरच्या थोडे वर; म्हणजे ८ लिटर घ्यावे. छत १२० चौरस फुटांचे, दोन हातांना सव्वादोन लिटर. प्रायमर एकाच हाताचा, तो भिंतींसाठी चार लिटर. पूर्ण पुट्टी करायची असेल तर दोन थरांसाठी एका किलोला १० ते १५ चौरस फूट धरा, म्हणजे या खोलीला २७ ते ४० किलो. फरक इतका मोठा का? भिंत जितकी खडबडीत तितकी ती पुट्टी खाते.

गडद भिंत फिकी करायची असेल तर तिसरा हात लागतोच. पिवळे आणि लाल रंग झाकायला कमजोर असतात. त्यांच्याखाली पांढऱ्याऐवजी त्याच छटेकडे झुकणारा रंगीत प्रायमर दिला तर एक हात वाचतो.

एकाच खोलीचे सगळे डबे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळून घ्या, एकाच बॅचचे असले तरी. यंत्रात मिसळलेल्या छटेत डब्या-डब्यागणिक जरासा फरक पडू शकतो आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध दिसतो. उरलेला अर्धा लिटर लहान, काठोकाठ भरलेल्या हवाबंद बरणीत ठेवा आणि वर छटेचा क्रमांक, खोली आणि तारीख लिहा.

प्रश्न : रंगाचे कार्ड बघून फिका राखाडी निवडला. भिंतीवर तो निळसर दिसतो, रात्री तर मळकट. कार्ड चुकीचे की रंग?

दोन्ही बरोबर आहेत, उजेड वेगळा आहे. कार्डावरचा चार बोटांचा तुकडा दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली बघितलेला असतो. चार भिंतींवर तोच रंग आला की भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि छटा गडद होते. म्हणूनच मनात असलेल्या छटेपेक्षा कार्डावर एक पायरी फिकी निवडावी.

थेट भिंतीवर नमुना लावू नका, भोवतालचा जुना रंग डोळ्याला फसवतो. दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर त्या रंगाचे दोन हात द्या. तो पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर प्रत्येक भिंतीला टेकवून बघा. निदान दोन दिवस तरी घरात राहू द्या.

रात्रीच्या मळकटपणाचे कारण बहुधा दिवे. बैठकीला आणि झोपायच्या खोलीला २७०० ते ३००० केल्विनचा उबदार प्रकाश बरा. ६५०० केल्विनच्या थंड पांढऱ्या दिव्यात राखाडी हटकून निळा होतो. एका खोलीत दोन वेगळ्या केल्विनचे दिवे लावू नका. खोक्यावर ‘सीआरआय’, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० किंवा अधिक असेल असा दिवा घ्या. हा आकडा कमी असला की लाल आणि लाकडी छटा मरतात. प्रकाश किती हवा याचाही अंदाज सांगतो. बैठकीला सर्वसाधारण १५० लक्स, म्हणजे चौरस मीटरला १५० ल्युमेन प्रकाश, पुरतात. १२० चौरस फूट म्हणजे ११ चौरस मीटर, गुणिले १५० म्हणजे सुमारे १६५० ल्युमेन. शेड आणि भिंती थोडा गिळतात, म्हणून एकूण २००० ते २४०० ल्युमेन धरा आणि ते छताच्या मधोमध एकाच दिव्यात नव्हे, तीन-चार ठिकाणी वाटा. वाचनाची जागा आणि ओटा यांना वेगळा, थेट प्रकाश हवा. तिथे ३०० ते ५०० लक्स लागतात. भाड्याच्या घरात भिंतीला भोक न पाडता सर्वांत मोठा बदल होतो तो दिव्यांनीच.

प्रश्न : स्वतः रोलर मारला. सुकल्यावर भिंतीवर उभे पट्टे आणि कडेला चौकटीसारखी गडद किनार दिसते.

किनार दिसते कारण सगळ्या खोलीच्या कडा आधी ब्रशने मारून मग तुम्ही रोलर घेतला. तोवर कड सुकली, तिच्यावर रोलर गेला आणि तिथे रंगाचे दोन थर झाले. एका वेळी एकच भिंत घ्या. चार-पाच फुटांची कड ब्रशने दोन-तीन इंच मारा आणि ती ओली असतानाच रोलर तिच्याजवळ आणा. पट्ट्यांचेही तेच : मागच्या पट्ट्याची कड ओली असताना पुढचा पट्टा तिच्यावर चढायला हवा. म्हणून काम चालू असताना पंखा बंद ठेवा आणि भिंतीच्या मध्यावर चहाला थांबू नका. रोलर निम्म्याहून जास्त कोरडा होईपर्यंत दाबून ओढू नका.

रंगात पाणी डब्यावर लिहिले असेल तेवढेच. जास्त पाण्याने हात सहज फिरतो, पण पातळ थर नीट झाकत नाही आणि भिंत पुढे भुकटते. दोन हातांत चार ते सहा तास. मास्किंग टेप शेवटचा हात किंचित ओला असताना तिरका ओढून काढा. आणि भिंत सुकलेली दिसली तरी तीन-चार आठवडे ती घासून धुऊ नका. रंग तोवर पुरता कडक झालेला नसतो.

प्रश्न : छतावरचा जुना पाण्याचा पिवळा डाग गळती बंद केल्यावरही तीनदा रंग देऊन पुन्हा वर येतो.

डागातली द्रव्ये पाण्यात विरघळतात आणि इमल्शनमध्ये पाणीच असते, म्हणून दर वेळी तो ओला होऊन वर येतो. चौथ्यांदा इमल्शन देण्यात अर्थ नाही. जागा पूर्ण कोरडी असल्याची खात्री करून फक्त डागावर आणि भोवती चार इंच लाखेवर आधारित किंवा ऑइल बेस असलेला डागरोधक प्रायमर मारा. सुकल्यावर संपूर्ण छताला इमल्शन द्या, नाहीतर ठिगळ दिसेल.

प्रश्न : दारे-खिडक्यांचा पांढरा ऑइल पेंट पिवळा पडला आहे, कपाटामागचा तर जास्तच. घर जुने आहे. घासून पुन्हा रंगवायचे आहे.

ऑइल पेंटमधले तेल काळानुसार पिवळे पडतेच आणि अंधारात अधिक, म्हणून कपाटामागचा भाग उन्हातल्यापेक्षा पिवळा. पांढराच हवा असेल तर पुढच्या वेळी पाण्यावर आधारित इनॅमल घ्या, तो पांढरा राहतो.

पण घासण्याआधी थांबा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता खरी असते. घराला अनेक दशके झाली असतील आणि रंगाचे थरावर थर असतील, तर शिसे आहे असे धरूनच चालावे. कोरडे घासले की त्याची धूळ घरभर बसते. लहान मुले जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात. त्यांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. थर घट्ट बसलेला असेल तर तो काढूच नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून फक्त चमक जाण्यापुरते घासा, ओल्या फडक्याने पुसा, फडकी पिशवीत बांधून टाका. हीट गन वापरणार असाल तर तापमान ५५० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका. अतितापाने शिशाची वाफ होते. केराच्या झाडूने ती धूळ लोटू नका, पुसूनच घ्या. गरोदर स्त्रिया आणि मुले त्या दिवसांत घरात नसावीत.

चमक गेली की बाँडिंग प्रायमरचा एक हात आणि वर इनॅमलचे दोन पातळ हात.

प्रश्न : जेवणाच्या सागवानी टेबलावर पांढरी वर्तुळे आणि एक काळा डाग आहे. पॉलिश कसले आहे ते माहीत नाही. स्वतः करता येईल?

येईल, पण आधी पॉलिश ओळखा. टेबलाच्या खालच्या बाजूला, जिथे पॉलिश लागलेले आहे अशा जागी, कापसाने पॉलिशच्या स्पिरिटचा एक थेंब ठेवा. मिनिटभराने बोट लावा. बोट चिकटले तर लाखेचे, म्हणजे चपड्याचे पॉलिश. काहीच झाले नाही तर शेजारी लॅकर थिनरचा थेंब ठेवा. ते मऊ झाले तर लॅकर. थिनरलाही दाद दिली नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन.

पांढरे वर्तुळ म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेला दमटपणा. लाकूड ठीक आहे. लाखेच्या पॉलिशवर, स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेले मऊ फडके विमान उतरते तसे वर्तुळावरून सरकवत न्या आणि न थांबता उचला. फडके जागेवर टेकले की पॉलिश उचलून येते. चार-पाच फेऱ्यांत पांढरेपणा जातो.

काळा डाग वेगळा. पाणी लाकडात उतरले आणि तिथे लोखंडाचा संपर्क आला की लाकडातल्या टॅनिनची त्याच्याशी क्रिया होऊन काळे पडते. हे घासून जात नाही. त्या फळीचे पॉलिश उतरवून ऑक्झॅलिक आम्लाचे गरम पाण्यातले, आणखी विरघळणार नाही इतके दाट द्रावण संपूर्ण फळीभर ब्रशने लावावे लागते. नुसत्या डागावर लावले तर काळ्या डागाच्या जागी गोरा डाग येतो. हे विषारी आहे. हातमोजे, चश्मा घाला आणि नंतर दोन-तीनदा भरपूर पाण्याने धुवा. धुतल्याशिवाय घासलेत तर त्याची भुकटी नाका-घशाला झोंबते. एक-दोन दिवस पूर्ण सुकू द्या.

मग १८०, २४०, ३२० अशा क्रमाने, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. आडव्या घासलेल्या रेघा कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिश पडले की उठून येतात. एक नंबर गाळून पुढे गेलात तरी तेच होते.

पॉलिश कोणते द्यावे? लाखेचे पॉलिश दिसायला सुंदर आणि दुरुस्तीला सोपे, पण गरम भांड्याने त्यावर डाग पडतो. जेवणाच्या टेबलाला पाण्यावर आधारित एकाच डब्याचे पीयू बरे : तीन पातळ हात, दोन हातांत दोन ते चार तास आणि मध्ये ३२० नंबरने हलके घासणे. दोन भाग मिसळून करायचे पीयू घरी मारू नका. त्यातल्या आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना घातक आहे आणि साधा कापडी मास्क तिला अडवत नाही. एक लक्षात ठेवा : मेण असलेल्या लाखेवर पीयू धरत नाही. जुनी लाख पूर्ण काढा, किंवा मध्ये मेणविरहित लाखेचा एक हात द्या.

लाखेचेच करायचे असेल तर एक लिटर स्पिरिटला २०० ते २५० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळून घ्या. वर्षभर पडून राहिलेले द्रावण वापरू नका, ते सुकून कडक होत नाही. काचेवर एक पट्टा ओढून तासाभराने नख टोचून बघा. दमट दिवशी लाख लावली तर ती दुधाळ होते, म्हणून कोरडी हवा असेपर्यंत काम उरकावे.

जवसाचे तेल वापरणाऱ्यांसाठी इशारा : तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता निघते आणि बोळ्यात ती साठून फडकी आपोआप पेट घेतात. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न : न्हाणीघराच्या फरशीच्या सांध्यांतला काळेपणा जात नाही. नवे ग्राउट वरूनच भरले तर?

वरून भरलेला पातळ पापुद्रा महिन्या-दोन महिन्यांत निघून येतो. जुना सांधा निदान दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून काढा, शक्य असेल तर फरशीच्या जाडीच्या दोन तृतीयांश. खरवडण्याची हातकरवत मिळते; वीजयंत्राने फरशीच्या कडा उडायची भीती असते. त्याआधी मात्र ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट द्रावणात सांधे पंधरा मिनिटे भिजवून ब्रशने घासून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागते. आम्ल वापरू नका, सिमेंटचे ग्राउट त्यात विरघळते. आम्ल आणि क्लोरीनचे ब्लीच कधीही एकत्र आणू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

तीन मिलिमीटरपर्यंतच्या सांध्याला वाळूविरहित ग्राउट, त्याहून रुंद सांध्याला वाळूचे. भिजवून पाच-दहा मिनिटे मुरू द्या, पुन्हा ढवळा, वरून पाणी घालू नका. रबरी थापीने सांध्याला तिरके दाबत भरा. पंधरा ते तीस मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने कर्णरेषेत पुसा; सांध्याच्या दिशेने पुसलेत तर ग्राउट बाहेर येते. अंघोळीचे पाणी तीन दिवस लागू देऊ नका.

भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट नकोच. दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, ताठ ग्राउट तिथे तडकणार. तिथे सिलिकॉन भरा. संगमरवर असेल तर न्यूट्रल सिलिकॉन मागा. शिरक्याचा वास येणारे सिलिकॉन सुकताना जे आम्ल सोडते ते संगमरवराला लागते.

प्रश्न : पाच फूट रुंद खिडकीला जमिनीपर्यंत पडदे. कापड किती?

दांडी खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर घ्या, म्हणजे ७२ इंच; पडदा उघडल्यावर काच झाकली जात नाही. चुण्या नीट पडाव्यात म्हणून दुप्पट, म्हणजे १४४ इंच. कापडाचा पन्हा ५४ इंचांचा असेल तर तीन पाट, प्रत्येक पडद्याला दीड. दांडीपासून जमिनीच्या अर्धा इंच वरपर्यंत ८४ इंच असतील तर वरच्या दुमडीला ४, खालच्या दुमडीला ६ आणि सुती कापड आटण्यासाठी ४ मिळवा. ९८ इंच गुणिले तीन, म्हणजे साडेसात मीटर. नक्षी दर २४ इंचांनी परत येत असेल तर प्रत्येक पाट १२० इंचांचा कापावा लागेल आणि कापड सव्वानऊ मीटर होईल. सुती कापड शिवण्याआधी एकदा धुऊनच घ्या.

प्रश्न : पंधरा दिवसांत सगळे उरकायचे आहे. कामांचा क्रम?

तोडफोडीची कामे आधी, नाजूक शेवटी, आणि वरून खाली. वीज आणि पाण्याच्या पाइपांसाठी भिंतीतल्या खाचा, मग गिलावा, फरशी, पुट्टी, प्रायमर, छत, भिंतीचा पहिला हात, दारे-खिडक्या. फरशीचे पॉलिश त्यानंतर आणि भिंतीचा शेवटचा हात फरशीनंतर, कारण फरशीचे यंत्र खालचा वीतभर भाग खराब करतेच. दिवे आणि पडदे अगदी अखेरीस. स्वयंपाकघराच्या भिंती घासण्याआधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने तेलकटपणा काढून साध्या पाण्याने दोनदा धुवा. तेलकट भिंत पॉलिश पेपरने घासली तर तेल फक्त पसरते. नवा गिलावा करायचा असेल तर पंधरा दिवसांत रंग बसत नाही. ती भिंत सोडून बाकीचे करा आणि तिच्याकडे महिन्याने या.

प्रश्न : पावसाळ्यात दार चौकटीला घासते. रंधा मारून घेऊ का?

आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू घट्ट करा. दार वरच्या कोपऱ्यात, कुलुपाच्या बाजूला घासत असेल तर नव्वद टक्के दोष तिथलाच. भोक सैल झाले असेल तर लांब स्क्रू घाला. तरीही घासत असेल तर चौकटीला खडू लावून दार मिटा. दाराच्या कडेवर खडू उमटेल तेवढ्याच जागी रंधा फिरवा. चौकट आणि दार यांत दोन ते तीन मिलिमीटर फट पुरे. भर पावसाळ्यात फुगलेल्या दारावर रंधा मारलात तर कोरड्या हवेत फट बोटभर होते, म्हणून थोडे थोडे काढा. दार पाणी पिते ते बहुतेक वेळा वरच्या आणि खालच्या कडांतून, कारण दिसत नाहीत म्हणून त्या कोणी रंगवत नाही. दार उतरवलेच आहे तर या दोन्ही कडांना प्रायमर आणि रंगाचे दोन हात देऊनच ते परत बसवा.